आखाजीचा कसुंबा

"भाऊ, हात जोडायला आलोय," म्हणत उमेदसिंग आमच्या ओसरीवर चढले आणि बापूंच्या खाटेवर पायथ्याशी बसले.

आतल्या दारावर पडदा होता. पडद्यामागून अक्का म्हणाली, "हात जोडायचे तर कचेरीत जाऊन जोडा म्हणावं. हरकतीचा अर्ज तिथे पडलाय."

"रूपा!" बापू ओरडले.

"बोलू द्या हो तिला. लेकच आहे. राग यायचाच." उमेदसिंग हसले. हसणं गोड होतं त्यांचं, नाही म्हणता येणार नाही. "भाऊ, त्या अर्जानं माझीच झोप उडाली. भाऊबंदांचं भांडण मी कचेरीत नेलं. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण पाठ फिरली की थुंकतात. उद्या आखाजी आहे. माझ्या अंगणात कसुंबा घेऊ. सगळ्या भाऊबंदांसमोर हरकत मागे घेतो आणि सण झाला की मामलेदाराला तसं लिहून देतो."

बापूंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मोतीबिंदूमुळे त्यांना माणसं म्हणजे नुसत्या सावल्या दिसत.

"खरं बोलतोस, उमेद?"

"एकच अट आहे."

"आली अट," अक्का म्हणाली.

"कसुंबा तुमच्या हातचा पाहिजे, भाऊ. अफू तुमची, घोळायची तुम्ही, गाळायची तुम्ही. आणि पहिला मान माझा. तुमच्या हातावरून मी घेणार, मग माझ्या हातावरून तुम्ही."

बापू आवाजाकडे सरकले. त्यांनी हात पुढे केला आणि उमेदसिंगांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला.

त्या वर्षी मी पुण्याहून कॉलेजची परीक्षा देऊन सावळखेड्याला आलो होतो. सगळ्या तालुक्यात अफूचं दुकान एक. त्याचा परवाना बापूंच्या, म्हणजे दलपतसिंग गिरासे यांच्या नावावर. अफू सरकारच्या गोदामातून यायची, सरकार सांगेल त्या भावाने विकायची, आणि सरकारने ज्याला परवाना दिला त्याच्याखेरीज कोणी ती विकली तर तुरुंग. व्यसन लोकांचं, नफा सरकारचा आणि पाप परवानेवाल्याचं, असा तो चोख बंदोबस्त होता. पुण्याला मित्रांनी वडिलांचा धंदा विचारला की मी "दुकान आहे" एवढंच सांगत असे.

बापूंची नजर गेली तसं दुकान अक्काच पाहू लागली. अक्का माझ्याहून मोठी. लग्नानंतर दोन पावसाळे गेले नाहीत तोच विधवा होऊन परत आली होती. सासरच्यांनी अंगावरचे दागिनेसुद्धा ठेवून घेतले होते. दुकानात अर्धा पडदा लावून ती मागे बसायची. तिचा फक्त तराजू धरलेला हात गिऱ्हाइकाला दिसायचा. आंधळ्या माणसाला पुढच्या वर्षी परवाना मिळणार नव्हता. म्हणून बापूंनी तो अक्काच्या नावावर करून द्यायचा अर्ज केला होता. कलेक्टरची मंजुरी मिळाली तर अक्का कोणाच्या दारात ओझं होणार नव्हती. नाही मिळाली तर बापूंच्या माघारी ती माझ्या, नाहीतर माझ्या होणाऱ्या बायकोच्या, दयेवर राहणार होती. हे ती स्वतःच मला तोंडावर म्हणाली होती.

त्या अर्जावर उमेदसिंगांनी हरकत घेतली. राजपुताची विधवा बाजारात बसून अफू तोलते, यात साऱ्या जातीची नाचक्की आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांचं स्वतःचं दारूचं दुकान होतं. त्याने जातीचं काय होत होतं, ते लिहिलं नव्हतं.

उमेदसिंग गेल्यावर अक्का पडद्याबाहेर आली.

"बापू, जाऊ नका."

"का?"

"तो फुकट हसत नाही."

"तुझं तोंड फार झालंय."

"मग याचं ऐका." तिने मला पुढे ढकललं. "पंडित, सांग त्यांना परवान्यात काय लिहिलंय ते."

मी परवान्याच्या मागे छापलेल्या अटी वाचल्या होत्या. मला कागद वाचायची खोडच होती. माणसांशी बोलण्यापेक्षा ते सोपं. मी चाचरत सांगितलं, की एका माणसाला एका वेळी ठरावीक वजनाच्या वर अफू देता येत नाही. दुकानाबाहेर देता येत नाही. आणि फुकट देणंही विकण्यातच धरलं जातं.

बापू हसले. "अरे, कसुंबा कोणी विकतं का? कसुंबा पाजतात."

"सरकारला दोन्ही सारखंच आहे, बापू."

"सरकारला आखाजी ठाऊक आहे का?"

"मग असं करा," अक्का म्हणाली. "ज्याला यायचं त्यानं आपापल्या वाटणीची अफू दुकानातून विकत घ्यावी आणि घेऊन यावी. तुम्ही नुसती घोळा. मग कायद्याचं बोट लागत नाही."

बापू खाटेवर ताठ बसले. "कसुंब्याला बोलवायचं आणि सांगायचं, आपापली अफू घेऊन या? दलपतसिंगानं? त्यापेक्षा मी विहिरीत उडी घेईन."

"विहीर उमेदसिंगानंच खणलीय," अक्का म्हणाली आणि आत गेली.

ज्यांनी आमच्याकडचा कसुंबा पाहिला नाही त्यांना बापूंचा हट्ट वेडेपणा वाटेल. अफू पाण्यात घोळायची, फडक्यातून गाळायची. मग पाजणारा ते तांबूस पाणी आपल्या तळहातावर घेतो आणि दुसऱ्याने वाकून त्याच्या तळहाताला तोंड लावून प्यायचं. वैर खुनाचं असलं तरी एकमेकांच्या हातावरून कसुंबा घेतला की ते संपतं. त्यानंतर जो ते उकरून काढील तो माणसातून उठला. कोर्टाचा निकाल लोक वरच्या कोर्टात नेत. कसुंब्याच्या वर कोर्ट नव्हतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी उमेदसिंगांच्या अंगणात निंबाखाली जाजम अंथरलं होतं. गल्लीच्या टोकाला मुलींचे झोके चालले होते आणि त्यांची गाणी ऐकू येत होती. भाऊबंद सगळे आले होते. सगळ्यांत वडील हिंमतआजा, ते बापूंच्या शेजारी बसून सारखे म्हणत होते, "दलप्या, हात कापू देऊ नकोस रे, सांडेल."

बापूंचा हात कापत नव्हता. डोळ्यांनी दिसत नसताना त्यांनी अफू घोळली, गाळली, बोट बुडवून पाहिलं. मग उजव्या तळहातावर कसुंबा घेऊन हात पुढे केला.

उमेदसिंग वाकले आणि प्यायले.

"वाहवा!" भाऊबंद म्हणाले.

मग उमेदसिंगांनी आपला हात पुढे केला. बापूंना तो नीट दिसेना, तेव्हा मी त्यांची मान धरून जरा खाली नेली. ते प्यायले. हिंमतआजांनी डोळे पुसले.

"भाऊबंदांनो," उमेदसिंग उभे राहून म्हणाले, "माझं आणि दलपतभाऊचं आजपासून काही नाही."

सगळ्यांना कसुंबा देऊन झाला. मग उमेदसिंग घराकडे तोंड करून म्हणाले, "या साहेब."

आतल्या खोलीतून आबकारीचा इन्स्पेक्टर बाहेर आला. तो उमेदसिंगांच्या घरी सणाचं जेवत बसला होता. हाताला अजून आमरस होता आणि तो झटकत तो पायऱ्या उतरला. त्या हाताची बोटं मला अजून दिसतात. त्या आधी आणि नंतर आयुष्यात मी कोणाला मारावं असं मला वाटलेलं नाही. भित्रा माणूस मी. पण त्या वेळी वाटलं.

"दलपतसिंग कोण?" तो म्हणाला. "परवान्याबाहेर अफू वाटलीत. मी खिडकीतून सगळं पाहिलंय."

कोणी हललं नाही. मग हिंमतआजा काठी टेकत उठले, आणि उठता उठता त्यांची काठी भांड्याला लागली. भांडं कलंडलं. उरलेला कसुंबा मातीत जिरला.

"अरे अरे," आजा म्हणाले, "म्हातारपण फार वाईट!"

इन्स्पेक्टर चिडला, पण रिकाम्या भांड्याला काय करणार? "दुकानातला साठा तपासला की कळेल," तो म्हणाला. मग त्याने पोटावरून हात फिरवला. आमरस अंगावर आला होता. "उद्या सकाळी तपासतो," म्हणून तो पुन्हा उमेदसिंगांच्या घरात झोपायला गेला.

घरी येताना बापूंनी एकच गोष्ट विचारली. "घेतला ना रे त्यानं?"

"काय, बापू?"

"कसुंबा. घेतला ना? सांडला नाही ना?"

"घेतला, बापू."

त्यांनी मान हलवली आणि पावलं उचलली.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अक्काने दुकान उघडलं. हिंमतआजा आले, पैसे टाकले आणि म्हणाले, "दुपारची माझी वाटणी. घेतली म्हणून लिही." त्यांच्या मागे दुसरा आला, मग तिसरा. जे जे अंगणात होते ते सगळे आले. सकाळी साठा वहीशी ताडला तर कणभर कमी भरणार नव्हता. पडद्यामागे अक्का हसत होती. विधवा झाल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

"पंडित," ती मला म्हणाली, "तुझ्या पुण्यात असली माणसं आहेत का रे?"

चौकशी मामलेदारांपुढे निघाली. अक्काच्या परवान्याचाही अर्ज पुढे असल्याने तिला हजर राहावं लागलं. पडद्याची बैलगाडी कचेरीच्या खिडकीला लावून ती आत बसून राहिली. खिडकीतून तिला सगळं ऐकू येत होतं.

भाऊबंद एकेक करून उभे राहिले. एकाने सांगितलं, साखरेचं पाणी होतं. दुसरा म्हणाला, गुळाचं. मामलेदार म्हणाले, "आधी ठरवून तरी यायचं!"

हिंमतआजा उभे राहिले. "साहेब, पाणीच होतं. जरा कडू लागलं खरं, पण उमेदसिंगाच्या विहिरीला गोड पाणी कधी लागलंय?"

कचेरीतले शिपाईसुद्धा हसले. मग उमेदसिंगांना बोलावलं.

"अफू होती साहेब. मी स्वतः घेतली."

"दलपतसिंगांच्या हातावरून?"

"हो."

"त्यांनीही तुमच्या हातावरून घेतली?"

"हो."

"आणि मग तुम्ही घरात बसवून ठेवलेल्या इन्स्पेक्टरना हाक मारलीत."

"सरकारचं काम म्हणून, साहेब."

मामलेदारांनी लेखणी खाली ठेवली आणि उमेदसिंगांकडे जरा वेळ पाहिलं. ते देशावरचे होते, कसुंब्याचं त्यांना काही नव्हतं. पण माणूस ओळखायला कसुंबा लागत नाही. इन्स्पेक्टरने अफू चाखली नव्हती, भांडं रिकामं होतं, साठा बरोबर होता. एका बाजूला एकटा उमेदसिंग, दुसऱ्या बाजूला सगळं गाव.

"दलपतसिंग," ते म्हणाले, "फार लांबड लावू नका. पाणी होतं एवढं म्हणा. मी तक्रार निकालात काढतो आणि तुमच्या मुलीचा अर्ज शिफारस लिहून आजच वर पाठवतो. परवाना तिच्या नावावर होईल."

बापू माझ्या खांद्याला धरून उठले.

"साहेब, एक विचारतो. पाणी होतं म्हटलं, तर यानं माझ्या हातावरून काय घेतलं?"

"पाणी घेतलं."

"म्हणजे कसुंबा झालाच नाही."

"नाही झाला. बरंच की ते तुमच्या दृष्टीनं."

"मग तो सुटला."

मामलेदारांना कळलं नाही. मला कळलं, आणि मी बापूंचा सदरा मागून ओढला. त्यांनी माझा हात झटकला.

"साहेब, अफू होती," बापू म्हणाले. "चांगली अफू होती. मी माझ्या दुकानातून आणली, मी घोळली, मी गाळली. या माणसाला माझ्या हातावरून पाजली आणि त्यानं ती घेतली. हे सगळे माझ्यासाठी खोटं बोलतात. त्यांना माफ करा. पण लिहून घ्या, साहेब. अफू होती. त्यानं कसुंबा घेतला आणि मग हाक मारली."

"दलप्या, काय केलंस रे!" हिंमतआजा म्हणाले.

उमेदसिंग तेव्हा कसे दिसत होते ते लोकांनी मला पुढे पुष्कळदा विचारलं. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मी खिडकीकडे पाहत होतो. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजल्या आणि पडद्याची गाडी हलली. अक्काने आमची वाट पाहिली नाही.

घरी आलो तेव्हा ती ओसरीवर उभी होती. डोक्यावर पदर नव्हता.

"त्याला बांधलंत ना?" ती म्हणाली. "झालं समाधान?"

"रूपा, समजून घे. पाणी म्हटलं असतं तर तो उद्या मान वर करून हिंडला असता. आता जन्मात करणार नाही. कोणी त्याला दारात उभं करणार नाही."

"आणि मला कोण करील? सगळं गाव खोटं बोललं माझ्यासाठी. मामलेदार बोलायला तयार होता. एक तुमचीच जीभ वळली नाही?"

"शब्द असतो, पोरी."

"तुमचा शब्द. भाकरी माझी."

बापू तिच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे करत राहिले. ती आत निघून गेली.

बापूंना दंड झाला. परवाना रद्द झाला, अक्काचा अर्ज फेटाळला, आणि वर्षाचा उरलेला ठेका ज्याने सरकारला खबर दिली त्याच्या नावावर करण्यात आला. कायदेशीर बदली. आमच्या दुकानातला साठा मोजून, शिक्के मारून, आमच्याच बैलगाडीतून उमेदसिंगांच्या दुकानात नेला. गाडीचं भाडं सरकारने दिलं नाही.

बापू वाट पाहत होते. गाव काय करतं त्याची. काही दिवसांनी हिंमतआजा घरी आले आणि खाटेशी बसले.

"मी त्याला राम राम घालत नाही," ते म्हणाले. "कोणीच घालत नाही."

"दुकानात कोण जातं?" अक्काने आतून विचारलं.

आजा काठीची मूठ चोळू लागले.

"अफू घेतलीत ना, आजा?"

"घेतली, पोरी. गुडघे सोडत नाहीत. दुसरं दुकान कुठं आहे?"

बापूही रात्री एक गोळी घेत. मागे सांध्यांसाठी धरली होती, मग सुटली नाही. घरातला शेवटचा तुकडा संपल्यावर ते म्हणाले, त्या माणसाच्या दुकानातलं काही या घरात येणार नाही. आधी त्यांना घाम फुटला, मग उलट्या सुरू झाल्या, मग पाय पोटाशी घेऊन ते खाटेवर कण्हू लागले. अंगावर पांघरूण ठरेना. मी वैद्याला आणलं. वैद्य म्हणाला, या वयात एकदम तोडू नका, जातील. बापूंनी भिंतीकडे तोंड केलं.

अक्का उठली. "चल," मला म्हणाली.

भर बाजारातून ती उघड्या तोंडाने निघाली. आमच्या घरातली बाई तशी कधी रस्त्याने गेली नव्हती. लोक दुकानातून बाहेर येऊन बघू लागले. मी तिच्या मागे खाली मान घालून चालत होतो. ती मान वर करून.

उमेदसिंगांच्या दुकानात पडदा नव्हता. ते गादीवर बसले होते. अक्काला पाहिलं आणि त्यांनी लगेच तराजूकडे तोंड केलं.

"दलपतसिंगांची गोळी द्या," अक्का म्हणाली.

त्यांनी अफू काढली. तोलताना काटा हलत राहिला. त्यांनी वर थोडी आणखी घातली.

"पैसे राहू दे, बाई," ते पुटपुटले.

"फुकट वाटली तर परवाना जातो म्हणतात."

त्यांनी पैसे घेतले. पुडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. ती त्यांनी अक्काच्या हातात न देता गादीच्या कडेला ठेवली. आम्ही उभे होतो तोवर त्यांनी एकदाही नजर वर केली नाही. आम्ही वळलो तरी ते तराजूकडेच बघत होते.

घरी अक्काने बापूंना उठवून बसवलं आणि गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

"कुठून आणलीस?"

"तालुक्यात दुकानं किती आहेत?"

बापूंनी गोळी बोटांनी चाचपली. त्यांनी गोळी टाकली नाही, तोंडातही घातली नाही.

"त्यानंच दिली? स्वतः?"

"हो."

"तुझ्याकडे बघून बोलला?" त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "नजर वर केली त्यानं?"

अक्का तांब्यात पाणी ओतत होती.

"केली ना. चांगली डोळ्याला डोळा भिडवून. हसलासुद्धा. म्हणाला, बापूंना माझा राम राम सांगा."

बापूंनी माझ्याकडे तोंड वळवलं. "रतन, तू होतास ना? खरं?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो, बापू," मी म्हणालो. "हसला."

बापूंनी गोळी तोंडात टाकली. अक्काने तांब्या पुढे केला; त्यांनी तो घेतला नाही. ती कडू गोळी चघळत ते तसेच बसून राहिले.